वाचक विचारतात : वर्गात पॉडकास्ट लावला की पोरं खिडकीबाहेर बघतात!

प्रश्न : गुहागर तालुक्यात झेडपीच्या शाळेत सातवीला शिकवते. इतिहासाचा एक पॉडकास्ट वर्गात लावून बघितला, चांगला पाऊण तासाचा, पण दहा मिनिटांत चुळबुळ सुरू. त्यात रेंजची बोंब. हेडसर म्हणतात, बाई वर्गात रेडिओ लावून बसतात. याचा खरंच उपयोग होतो का हो?

उत्तर : होतो, पण पाऊण तास नाही हो बाई! मोठी माणसंसुद्धा पॉडकास्ट ऐकतात ती भांडी घासताना नाहीतर गाडी चालवताना, नुसतं बसून कोण ऐकतंय? चार-पाच मिनिटांचा तुकडा काढा आणि लावायच्या आधीच फळ्यावर दोन प्रश्न लिहा, म्हणजे पोरं काहीतरी शोधत ऐकतात. मध्येच थांबवून विचारा, आता पुढे काय झालं असेल? मग तोच तुकडा परत लावा, पहिल्यांदा सुटलेलं दुसऱ्यांदा बरोब्बर पकडतात. हेडसरांना सांगा, शाळांसाठीचे कार्यक्रम आकाशवाणीवर पण लागायचेच, फक्त तो रेडिओ मध्येच थांबवता येत नव्हता.

रेंजचं म्हणाल तर जिथे नेट मिळतं तिथे आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवा. नुसत्या बोलण्याला सेकंदाला ६४ किलोबिटची (६४ केबीपीएस), मोनो (एकाच चॅनेलची) फाइल पुरते, म्हणजे मिनिटाला साधारण अर्धा एमबी, पाच मिनिटांचे अडीच. स्पीकर टेबलावर नको, वर्गाच्या मधोमध ठेवा.

पण माझं ऐकाल तर ऐकण्यापेक्षा पोरांनाच पॉडकास्ट करायला लावा, खरं शिकणं तिथे आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या, माणसं घरी जाळी विणत बसलेली, आणि तुमची शाळा नेमकी तेव्हाच सुरू होते. पाठवा पोरांना आजोबांकडे, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) कशी ओढायची, वारा कसा ओळखायचा हे विचारायला आणि फोनवर रेकॉर्ड करायला. प्रश्न मात्र आधी वहीत लिहून घ्या, आणि 'कसं', 'का' असे हवेत, कारण 'तुम्हाला मासेमारी आवडते का' विचारलंत की आजोबा 'होय' म्हणून गप्प. फोन तोंडापासून वीतभर लांब, पंखा बंद, आणि पत्र्याखाली तर अजिबात नको, पावसात नुसता ताशा ऐकू येईल. मग त्यातली दोनच मिनिटं निवडून ती शब्दन् शब्द उतरवून काढायची, बघा किती वेळा मागे जाऊन ऐकतात ते! आजोबा बोलले तसंच लिहू द्या, पुस्तकी भाषेत 'सुधारून' नको. काय ठेवायचं काय कापायचं यावरून गटात भांडणं होतील, होऊ देत, सारांश लिहिण्याचा याच्याहून चांगला सराव मला तरी माहीत नाही.

प्रश्न : दुसऱ्याचा पॉडकास्ट वर्गात लावला तर कॉपीराइटचं लफडं होईल का?

उत्तर : फक्त शिकवण्यासाठी, आपल्याच शाळेतल्या मुलांसमोर लावत असाल तर घाबरू नका, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये शाळांना तशी सूट आहे. पण तोच तुकडा कापून शाळेच्या यूट्यूबवर चढवलात तर ते प्रकरण वेगळं, तिथे मूळ माणसाची परवानगी घ्याच. आणि पोरांनी केलेलं रेकॉर्डिंग बाहेर टाकायचं असेल तर आधी पालकांना आणि त्या आजोबांनाही विचारा, नाहीतर वर्गाच्या ग्रुपवरच राहू दे.