वाचकांचे प्रश्न : नाव ओठावर येऊन अडतं

प्रश्न : वय ७१. ओळखीच्या माणसाचं नाव ऐन वेळी आठवत नाही, तासाभराने आपसूक आठवतं. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात का? शब्दकोडी सोडवू का?

उत्तर : एवढ्यावरून तरी तसं वाटत नाही. नंतर आठवलं म्हणजे नाव पुसलेलं नव्हतं, सापडायला वेळ लागला. विशेषनामांचंच असं का होतं? 'सुतार' हा व्यवसाय म्हटला की रंधा, करवत, लाकूड अशा कितीतरी गोष्टींवरून त्या शब्दापर्यंत पोचता येतं. सुतार हे आडनाव असेल तर चेहऱ्याशी त्याचा संबंध एकाच बारीक धाग्याचा. वयानुसार तोच आधी सैल पडतो. शब्दसंपत्ती मात्र सत्तरीतही बहुधा शाबूत असते.

नाव अडलं की हट्टाने ताणू नका. जवळपासचं चुकीचं नावच परत परत पुढे येतं. क, ख, ग असं मनात म्हणत पहिलं अक्षर चाचपा. सापडलं की नाव मोठ्याने दोन-तीनदा उच्चारा. कोडी खुशाल सोडवा, पण त्यातून मुख्यतः कोडी सोडवण्यातच हात बसतो. रोजचं चालणं आणि आटोक्यातला रक्तदाब यांची किंमत जास्त.

चमचा, कुलूप असे साधे शब्द हरवू लागले, तोच प्रश्न पाच मिनिटांत पुन्हा विचारला जाऊ लागला, नेहमीचा रस्ता चुकला, तर तपासणी हवीच. बी-१२ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही असं होतं आणि त्यावर इलाज आहे. बोलणं अचानक अडखळलं किंवा असंबद्ध झालं, तर थेट रुग्णालय गाठा: पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

प्रश्न : आई ८० वर्षांची. मोठ्याने, सावकाश बोललं तरी तिला कळत नाही. बुद्धी मंदावली असेल का?

उत्तर : आधी कान तपासा. वयानुसार उंच पट्टीचे आवाज आधी जातात, म्हणजे स, श, त यांसारखी व्यंजनं. 'आवाज येतो, शब्द कळत नाहीत' ही तक्रार त्यातलीच. ओरडल्याने स्वर तेवढे मोठे होतात.

टीव्ही बंद करा, उजेडात समोर बसा. 'काल ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी दिलेली गोळी जेवणाआधी घ्यायची' याऐवजी 'ही कालच्या डॉक्टरांची गोळी. जेवणाआधी घे.' वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात डोक्यात धरून ठेवणं या वयात जड जातं. नाही कळलं तर तेच वाक्य घोकू नका, शब्द बदला. आणि लहान मुलाशी बोलतानाचा तो लाडिक सूर टाळा. त्याने समजायला मदत होत नाही, अपमान तेवढा होतो.