मारधाडीच्या सिनेमांवर लिहायचं तर नेमकं काय पाहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंसक अ‍ॅक्शन सिनेमे आवडतात, त्यांवर लिहावंसंही वाटतं, पण ‘फाइट जबरदस्त’ किंवा ‘हिंसेचं उदात्तीकरण’ यापुढे गाडी सरकत नाही. सरकणार कशी? ही दोन्ही वाक्यं सिनेमा न पाहताही लिहिता येतात.

माझ्या मते हिंसेकडे सिनेमा कसा पाहतो, हे सांडलेल्या रक्तावरून ठरत नाही. घाव बसल्यावर कॅमेरा कुठे वळतो, त्यावरून ठरतं. अमेरिकेत १९८४ मध्ये सिनेमांना पीजी-१३ हा दर्जा (तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारा) आला. त्यात बसायचं तर पडद्यावर कितीही माणसं मेली तरी सहसा खपतं, रक्त दिसलं की पंचाईत. म्हणून ढिगाने माणसं मारणारा सिनेमा सौम्य ठरू शकतो आणि एकच जखम नीट दाखवणारा क्रूर.

पहिल्यांदा सलग पाहा, मध्ये थांबवू नका. संपला की तासाभरात आठवणीतून दहा ओळी लिहा: कुठे अंग आक्रसलं, कुठे टाळी वाजवावीशी वाटली, कुठे मोबाइलकडे हात गेला. तोवर दुसऱ्याचं परीक्षण उघडू नका, नाहीतर त्याचंच मत तुमचं वाटू लागतं.

मग दोन-तीन मिनिटांचा एकच प्रसंग निवडा. नवखे लोक क्लायमॅक्स घेतात. मी पहिली मारामारी घ्यायला सांगेन. एका ठोशात माणूस आडवा होतो की दहा खाऊन उठतो, हा त्या सिनेमाचा नियम तिथेच ठरतो. पुढे तो कुणासाठी मोडला, हे पाहण्यासारखं असतं.

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ची कळ दाबत गेलं की एकेक फ्रेम पुढे जाते (सिनेमात साधारणपणे सेकंदाला २४). कट, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होतो त्या जागा, मोजा. ९० सेकंदांत ४४ कट म्हणजे ४५ शॉट, सरासरी दोन सेकंद. हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्याच सिनेमातल्या दुसऱ्या मारामारीशी ताडून पाहा. एकीकडे पाच सेकंद आणि दुसरीकडे दीड, तर दिग्दर्शकाला गोंधळ दाखवायचा होता की नटाला न जमणारं झाकायचं होतं? ठोसा उगारणं आणि तो लागणं एकाच शॉटमध्ये आहे का, ते बघा. नसेल तर तो ठोसा बऱ्याच अंशी संकलकाने मारलेला आहे. एकाच शॉटमध्ये असला तरी बहुतेकदा मूठ चेहऱ्यापासून काही इंच दूरून जाते. कॅमेरा खांद्यामागे असल्याने मधली फट दिसत नाही. उलट ‘ओल्डबॉय’ (२००३) या कोरियन सिनेमातली कॉरिडॉरमधली मारामारी बाजूने, सलग एकाच शॉटमध्ये दिसते. त्यामुळे नायकाची दमछाक लपत नाही, आणि शौर्याइतकाच थकवाही लक्षात राहतो.

तोच प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा डोळे मिटून ऐका. मुका केला की मार निम्मा हलका होतो. हाड मोडल्याचा आवाज अनेकदा सेलरी या भाजीची दांडी मोडून केलेला असतो.

आता घड्याळ लावा. शेवटच्या घावापासून पुढच्या संवादापर्यंत किती सेकंद गेले? मरणाऱ्याला नाव होतं का? मागच्या प्रसंगातलं लंगडणं पुढच्यात टिकलं का? माणूस मेल्यावर दोन सेकंदांत विनोदी वाक्य आलं, तर ‘याचं वाईट वाटून घेऊ नका’ ही सूचना तुम्हाला मिळालेली असते.

सगळ्यात जास्त जागा मात्र तुमच्या मजेला द्या. मजा आली असेल तर तसं सरळ लिहा. निषेधाचं सोंग वाचणाऱ्याला लगेच कळतं. मग मागे जाऊन ती मजा कशी तयार केली ते शोधा. नायकाने क्रूर व्हावं म्हणून खलनायकाकडून आधी काहीतरी भयंकर करवून घेतलेलं असतं. नायकाला तो परवाना कितव्या मिनिटाला मिळाला, ते टिपा. सूडकथांमध्ये तो बऱ्याचदा बायकोच्या किंवा मुलीच्या देहावर लिहिलेला असतो. त्या बाईला मरण्यापूर्वी किती वाक्यं होती, तेही मोजा. कधीकधी अख्खा लेख तिथेच सापडतो.

बिघडतं कुठे? पहिलं, कथासार: पाव लेखापेक्षा जास्त झालं तर कापा. दुसरं, ‘अशा सिनेमांनी समाज बिघडतो’ छाप निकाल. एका सिनेमावरून तो सिद्ध होत नाही, कोणत्या शॉटने तुमच्यावर काय परिणाम केला ते मात्र दाखवता येतं. तिसरं, एका दिवसात तीन-चार सिनेमे पाहणं: नजर बधिर होते आणि शेवटचा उगाच मवाळ वाटतो. मध्ये एखादा दिवस जाऊ द्या.

पहिला लेख एका प्रसंगापुरता, सहा-सातशे शब्दांचा ठेवा. प्रसंग कितव्या मिनिटाला येतो ते लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला तुमचं म्हणणं पडताळता येईल. शेवट फोडणार असाल तर पहिल्याच ओळीत तसं बजावा.