पहिलं स्पर्धेचं ग्लायडर घेताना

मुंबईत राहून ग्लायडिंगच्या, म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवण्याच्या स्पर्धांचं स्वप्न बघतोयस, छानच! पण खरेदी तूर्तास बाजूला ठेव. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. आधी प्रशिक्षकासोबत आणि मग एकट्याने भरपूर उडून घे.

सगळ्यांकडे एकच मॉडेल असलं की कस वैमानिकाचा लागतो, पैशाचा नाही. त्यासाठीच पोलंडचं पीडब्ल्यू-५ हे ग्लायडर वर्ल्ड क्लाससाठी, म्हणजे सगळ्यांनी एकच मॉडेल उडवायच्या स्पर्धा-वर्गासाठी निवडलं गेलं. पंखांची टोकापासून टोकापर्यंत लांबी १३.४४ मीटर, ग्लाइड रेशो (एक मीटर खाली येताना किती मीटर पुढे जातं तो आकडा) साधारण ३३. म्हणजे बोरिवलीवर हजार मीटर उंचीवर असशील, तर शांत हवेत जेमतेम चर्चगेट गाठशील. नवखे इथेच फसतात, ४०-४५चा आकडा बघून भुलतात. थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतात, नीट गिरक्या घेता येत नसतील तर तो आकडा काय कामाचा?

निवडताना एवढं बघ:
- पॅराशूट बांधून कॉकपिटमध्ये अर्धा तास बस. गुडघे पॅनेलला लागतात का? रडरच्या (शेपटीवरच्या सुकाणूच्या) पेडलपर्यंत पाय आरामात पोचतात का?
- तुझं वजन कॉकपिटमधल्या पाटीवरच्या मर्यादेत हवं. किमान मर्यादाही असते, ती बरेच जण विसरतात.
- जिथे उडणार तिथे त्याच मॉडेलची आणखी ग्लायडर्स आहेत का, हे पैसे देण्याआधी विचार. कारण वर्ल्ड क्लासच्या जागतिक स्पर्धा आता होत नाहीत. त्यांची जागा १३.५ मीटर वर्गाने घेतली, म्हणजे पंखांची लांबी तेवढ्यात बसणाऱ्या वेगवेगळ्या मॉडेल्सच्या वर्गाने.

फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) आणि पाण्याचं बॅलास्ट (वजन वाढवायला भरलेलं पाणी) यांच्या नादी आत्ता लागूच नकोस.