दरमहा खिशातून किती?

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझी एक्सेलची फाईल उघडून बघितली. जुनी करप्रणाली, नवी करप्रणाली, आईचं नाव घातलं तर, नाही घातलं तर, पाच वर्षांनी विकला तर. सगळं आहे. पण पुनावळ्याचा तो 75 लाखांचा फ्लॅट कर्ज काढून भाड्याने द्यायला घेतलास तर महिन्याच्या पाच तारखेला भाडं वजा जाता तुझ्या खात्यातून किती जाणार, तो रकाना मात्र सापडला नाही. बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर आयुष्य गेलं माझं. मी आधी तोच शोधते.

तू हिशोबात कच्चा नाहीस. एजंट म्हणतो टॅक्स वाचेल, सीए म्हणतो तोटा दाखवता येईल, ऑफिसातला मित्र म्हणतो नव्या प्रणालीत काही हाती लागत नाही. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि त्या तिघांत तू अडकलायस. दरमहा खिशातून किती, हे त्यांच्यातल्या एकानेही तुला विचारलेलं नाही.

तर मीच मांडते. तयार फ्लॅट धरू. बँक 60 लाखांच्या वर जाणार नाही, कारण 30 ते 75 लाखांच्या कर्जाला किमतीच्या 80 टक्के ही रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे, मॅनेजर ओळखीचा असो वा नसो. हे 80 टक्के काढताना किमतीत स्टॅम्प ड्युटी धरत नाहीत. म्हणजे 15 लाख तुझे, वर 7 टक्क्यांनी सव्वापाच लाख ड्युटी आणि नोंदणीचे 30,000. साडेवीस लाख रोख. त्यात तुझ्या बाबांची ग्रॅच्युइटी आहे हे तू लिहिलं नाहीस, पण तुझी आई माझी मैत्रीण आहे.

60 लाख, 20 वर्षं, 8 टक्के. हप्ता बसतो 50,186. भाडं तू 22,000 धरलंयस, चालेल. सोसायटीचा मेंटेनन्स साधारण 3,500 आणि महापालिकेचा कर महिन्याला 1,200 धर, दोन्ही मालकाच्या डोक्यावर. खिशातून गेले जवळजवळ 33,000. भाडेकरू बदलताना घर महिनाभर रिकामं राहतं आणि रंगाचा खर्च येतो, तो मी अजून मोजलेलाच नाही.

आता तुझा लाडका टॅक्स. वर्षाचं भाडं 2,64,000. त्यातून महापालिकेचा कर वजा, उरलेल्यावर सरसकट 30 टक्के वजावट, म्हणजे राहिले पावणेदोन लाख. पहिल्या वर्षाचं व्याज पावणेपाच लाख. तोटा तीन लाखांचा. जुन्या प्रणालीत त्यातले दोनच लाख पगारातून वजा होतात. उरलेला लाख आठ वर्षं पुढे ओढता येतो, पण तो फक्त घरभाड्याच्या उत्पन्नातूनच वळता होतो, आणि ते उत्पन्न तर व्याजच खाऊन टाकतंय. दोन लाखांवर सेससकट 31.2 टक्के म्हणजे 62,400. महिन्याला 5,200. मुद्दलाच्या वजावटीला पीएफसकट एकच मर्यादा आहे, ती तुझ्या पीएफनेच भरलेली असणार. नव्या प्रणालीत भाड्यावर कर लागणार नाही एवढंच, तोट्याचा एक रुपयासुद्धा पगारातून वजा होत नाही.

तर 33,000 चे झाले 27,800. ज्या 5,200 साठी तू रात्री दोनला मला मेसेज करतोस, त्यांनी चित्र बदललं का? जुनी की नवी हा प्रश्न मार्चमध्ये सीएबरोबर चहा घेताना सुटतो. पगारदाराला दरवर्षी प्रणाली बदलता येते. हप्ता दरवर्षी बदलता येत नाही.

आईच्या नावाचा तुझा हिशोब अर्धा बरोबर आहे. एकट्या बाईच्या नावावर घेतला तर महाराष्ट्रात ड्युटीत एक टक्का सूट मिळते, इथे 75,000. पण मग घर तिचं, व्याजाची वजावट तुला नाही. दोन्ही हवं असं चालत नाही.

बांधकाम चालू असलेल्या दुसऱ्या स्कीमबद्दल फार लिहीत नाही, कारण मला राग येतो. पाच टक्के जीएसटी. ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य, आणि तुझ्या खोलीचं भाडं चालूच. तोवर भरलेल्या व्याजाची वजावट ताब्यानंतर पाच वर्षांत, समान भागांत. ‘ताब्यापर्यंत हप्ता नाही’, म्हणजे तोवर व्याज बिल्डर भरणार, असल्या जाहिरातींपायी कर्जाची सगळी रक्कम आधीच बिल्डरच्या हातात जायची. 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं की पैसे बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणेच सोडा. त्याआधी एका बिल्डरने व्याज भरायचं थांबवलं आणि नोटीस आली ती कर्जदार पोराला. सही त्याचीच होती ना. महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक बघ, 70 टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायचं बंधन बिल्डरवर आहे. तरीही, तोवर दरमहा खिशातून किती?

दर. यावर मात्र मी तुझं डोकं खाणार आहे. 2021 मध्ये पावणेसात टक्क्यांच्या आत कर्ज मिळत होतं. 60 लाखांना 45,400 हप्ता बसायचा. मे 2022 पासून फेब्रुवारी 2023 पर्यंत रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, 4 वरून साडेसहावर गेला आणि कर्जाचे दर त्याच्यामागे चढले. मुद्दल अजून 60 लाखांच्या जवळपास असेल तर 9.2 टक्क्यांनी नुसतं व्याजच 46,000 होतं. म्हणजे अख्खा हप्ता व्याजात गेला, तरी कमीच. बऱ्याच जणांना कळलंही नाही, कारण बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत ताणली. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. ती निवड सँक्शन लेटरमध्ये, बँकेच्या कर्जमंजुरीच्या पत्रात, शोध. म्हणून माझा रकाना आजच्या दराने मांडायचा नसतो. दर दोन टक्क्यांनी चढलेला धर, घर सहा महिने रिकामं धर, आणि मग सांग, खिशातून किती? तो आकडा पगारातून बाबांना हात न लावता निघत असेल तर खुशाल घे, मी पेढे मागेन.

सीए म्हणेल, मुदतीआधी फेडू नकोस, वजावट जाईल. माझाही म्हणाला होता. एक रुपया व्याज भरून जास्तीत जास्त 31 पैसे परत येतात, आणि दोन लाखांच्या वरच्या तोट्यावर तेही नाहीत. चिंचवडच्या आमच्या फ्लॅटचं कर्ज मी बोनस मिळेल तसं फेडून टाकलं. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाला व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, हे तुझ्या एजंटला माहीत असूनही तो बोलणार नाही.

तुझी आई हसून म्हणेल, हिला काय विचारतोस, हिने हिंजवडी घालवली. घालवली. 2003 च्या सुमाराला तिकडे फ्लॅट मिळत होता, काका टोकन द्यायला निघाले होते. मी रकाना मांडला, खड्डा आमच्या पगारातून बुजत नव्हता, मी नाही म्हटलं. नणंदेने घेतला. आता प्रत्येक लग्नकार्यात पंगतीला ती मला तिथला भाव ऐकवते, आणि जिलबी गोड लागत नाही हे खरं. पण हप्ते भरायला भाऊजींनी पीएफ उचलला होता, धाकटीचं इंजिनीअरिंग कर्जावर झालं, ते ती पंगतीत सांगत नाही. भाव वाढणार हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं, तिलाही नव्हतं. मला माझा पगार ठाऊक होता. आजही तोच फ्लॅट, तोच पगार असता तर मी नाहीच म्हटलं असतं. काकांना विचारू नकोस, ते वेगळं सांगतात.

विक्रीच्या फायद्यावर तू फार विसंबलायस. 23 जुलै 2024 नंतर घेतलेल्या घराला खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरायची सूट नाही. दोन वर्षांनंतर विकलंस तर नफ्यावर सरळ साडेबारा टक्के. वजावट घेतलेलं व्याज खरेदीच्या किमतीत पुन्हा मिळवता येत नाही, तो दरवाजा 2023 च्या अर्थसंकल्पात बंद झाला. दुसरं घर घेऊन कर वाचतो, पण मग हातात पुन्हा घरच येतं, पैसे नाही.

कलमांचे आकडे मुद्दाम घातले नाहीत. नवा प्राप्तिकर कायदा 1 एप्रिल 2026 पासूनचा, त्यात ते बदललेत.

रविवारी ये. सँक्शन लेटर सगळ्या पानांसकट आण, पहिल्या पानाचा फोटो नको. आणि रकाना भरून आण.

तुझी,
मावशी

ता. क. घेतलासच तर विक्रेत्याला पूर्ण 75 लाख देऊन मोकळा होऊ नकोस. 50 लाख किंवा वरच्या खरेदीत एक टक्का टीडीएस, म्हणजे विक्रेत्याचा कर, कापून सरकारकडे भरायची जबाबदारी तुझी, बँकेची नाही. विक्रेता परदेशस्थ निघाला तर नियमच वेगळा आणि रक्कम बरीच मोठी, म्हणून तो कुठे राहतो हे टोकनच्या आधी विचार.