स्विमिंग पूलमध्ये किडे? आधी शेवाळाकडे बघा

फवारा आणायची घाई करू नका. कीटकनाशक पाण्यात तर अजिबात नको. काही पाणकिडे शेवाळ खायला येतात आणि त्यांना खायला पाठीवर पोहणारे, कडकडून चावणारे किडे. शेवाळ गेलं की दोघंही मुक्काम हलवतात. म्हणून क्लोरीन १ ते ३ पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत १ ते ३ भाग), पीएच (पाणी किती आम्लधर्मी, ते सांगणारा आकडा) ७.२ ते ७.८ ठेवा आणि भिंती ब्रशने घासा. शिडीमागचा बुळबुळीत कोपरा हमखास राहतो, तिथे जरा जोर लावा.

नवखे चुकतात ते इथे:
- रात्रभर पांढराशुभ्र दिवा, त्यावर किडे झेपावतात. पिवळसर लावा, पोहणं झालं की बंद.
- पूल झाकला, पण ताडपत्रीवर पाणी साचलेलंच. आठवडा-दहा दिवसांत डासांची फौज तयार!

स्किमरची (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या भागाची) जाळी रोज रिकामी करा. शॉक ट्रीटमेंट (एकदम जास्त क्लोरीन टाकणं) वगैरे नंतर बघू.