ठाणे जिल्ह्यातल्या खेड्यांची घरांची गरज सरकारी आकडेवारीवरून काढता येते का?

येते. पण तुम्ही लिहिलंय तशी नाही. "2011 च्या जनगणनेचा गाववार तक्ता उतरवून घेतलाय, कच्च्या घरांच्या टक्केवारीवर गावांचा क्रम लावला तर प्रोजेक्टला चालेल का?" नेमका हाच उद्योग मी 2017 साली पगार घेऊन केलाय, म्हणून राहवलं नाही.

जिल्ह्याचं तुम्हाला माहीत असेलच, तरी सांगते. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाला, त्यामुळे तक्त्यातला 1 कोटी 10 लाखांचा ठाणे जिल्हा आज नाही. खेड्यांसाठी शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ एवढे तालुके ठेवा, बाकीचे काढा. शिवाय भिवंडी-कल्याणच्या कडेची काही गावं ग्रामपंचायत असूनही जनगणनेत शहरी धरली आहेत. ग्रामीण यादीत ती शोधत बसू नका.

आता माझं. वागळे इस्टेटमधल्या एका लहान ऑफिसात मी होते. संस्थांना अहवाल करून द्यायचं काम. शहापूर तालुक्याचा घरांचा अहवाल माझ्याकडे आला. मी आठवडाभर एक्सेलमध्ये बसून गावं लावली, लाल-पिवळा-हिरवा रंग दिला, लाल म्हणजे घरांची गरज जास्त, हिरवा म्हणजे कमी. डोळखांबच्या बाजूचं एक गाव छान हिरवं आलं. छपरांचा रकाना बघितला तर पत्राच पत्रा. ऑफिसचे सर खूश.

नमुना म्हणून दोन-तीन गावं बघून यायची होती. फेब्रुवारी महिना. आसनगावला उतरले, पुढे जीप. मुख्य गाव खरंच बरं होतं, पण ग्रामपंचायतीतला शिपाई म्हणाला, "मॅडम, कातकरवाडी बघायची नाय का?" तक्त्यात कातकरवाडी नव्हतीच. असणारही नाही, कारण जनगणना महसुली गाव मोजते. पाडे आणि वाड्या त्या गावाच्या पोटात विरघळून जातात. अनुसूचित जमातींचाही गाववार एकच आकडा मिळतो, त्यात महादेव कोळी किती, ठाकूर किती, कातकरी किती ते कळत नाही. आणि घराच्या बाबतीत या तिघांची परिस्थिती एक नाही, हे शहापुरात कोणीही सांगेल.

वाडीत वीस-बावीस घरं. निम्म्याहून जास्त दारं सुतळीने बांधलेली. माणसं दिवाळीनंतरच भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर गेलेली, पावसाच्या तोंडावर परतणार. एक म्हातारी आणि चार पोरं चिंचेखाली बसली होती, कारण दुपारचं घरात बसवत नव्हतं. भिंती कारवीच्या कुडाच्या, वर शेणमातीचं लिंपण, खालचा हातभर भाग वाळवीने खाल्लेला. आणि छप्पर पत्र्याचं. पत्रा भिवंडीच्या कुठल्याशा गोदामाचा, भंगारात घेतलेला. आधीच्या खिळ्यांची भोकं डांबराने बुजवलेली, एका कडेला इंग्रजी अक्षरं अर्धी दिसत होती. वारा उडवेल म्हणून वर दगड आणि सायकलचे टायर. मी विचारलं, "आजी, पत्रा कधी घातला?" ती म्हणाली, "बाय, पेंढा टिकत नाय, दरसाल कुठून आणायचा? पोरानं पत्रं आणलं नि घरकुलाच्या यादीतून आमी गेलो."

मला ते खोटं वाटलं. परत येऊन नियम काढले. 2011 च्याच, पण जनगणनेहून वेगळ्या असलेल्या सामाजिक-आर्थिक व जात सर्वेक्षणात घर कच्चं ठरायला भिंत कच्ची हवी आणि छप्परही कच्चं हवं. लोखंडी किंवा सिमेंटचा पत्रा पक्क्यात मोडतो. हाताने थापलेली कौलं कच्ची. म्हणजे गार राहणारं छप्पर कच्चं आणि माणसाला झाडाखाली बसवणारं पक्कं! 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजनेची पहिली यादी याच सर्वेक्षणावरून निघाली. म्हातारी नियमाला धरून बोलत होती, नियम न वाचता तक्ता मी रंगवला होता.

अहवालात मी तीन ओळींची टीप टाकली: पत्र्याची छपरं आणि कुडाच्या भिंती एकत्र असलेली घरं वेगळी मोजावीत. सरांनी ती काढली. "पत्रा म्हणजे पक्कं. व्याख्या आहे. आपण व्याख्या बदलायला बसलो नाही." मी म्हटलं, व्याख्या बदलू नका, पण आकड्याशेजारी लिहा तरी. ते म्हणाले, क्लायंटला टीपा नको असतात. गाव हिरवंच छापलं गेलं.

जनगणनेच्या गाववार तक्त्यात भिंतींची टक्केवारी वेगळी आणि छपरांची वेगळी असते. गावात निम्मे पत्रे आणि निम्मे कुड दिसले तर ते एकाच घरावर आहेत की वेगवेगळ्या, ते या दोन रकान्यांतून निघत नाही. सरांना हे त्याही वेळी सांगितलं होतं. त्यांनी दोन्ही टक्केवाऱ्यांची सरासरी काढायला सांगितली. सरासरी! असं करणाऱ्याच्या हातात आकडे देऊ नयेत. तुमचे गाईड तसं सुचवत असतील तर गाईड बदला.

तुमच्यापुरतं बोलायचं तर तक्ता उघडण्याआधी गणनेची मूळ प्रश्नावली वाचा. मग ग्रामपंचायतीत जाऊन नमुना 8 बघायला मागा. घरपट्टीसाठी घरनिहाय नोंद त्यात असते, वाड्या सापडतात. वाडी कोणाच्या जमिनीवर आहे हेही विचारा. कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत आहेत. घरकुल मंजूर झालं तरी बांधायला जागा लागते, आणि ती अडचण कच्च्या-पक्क्याच्या रकान्यात दिसत नाही.

हो, माझं सगळं 2017 चं आहे. त्यानंतर आवास प्लस या नव्या पाहणीतून घरकुलांच्या याद्या झाल्या, 2024 मध्ये दुचाकी आणि फ्रीजवरून नाव कापण्याच्या अटीही रद्द झाल्या. कातकरी आदिम जमातीत येतात, अशा जमातींसाठी नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राची जनमन योजना आली, तिच्यात घरामागे 2 लाख ठरले. त्या वाडीचं पुढे काय झालं ते मी बघितलेलं नाही. आणि सरांची बाजू म्हणाल तर मी गावाहून परतले तेव्हा अहवाल द्यायला चारच दिवस उरले होते, हे खरं आहे.

जाल तेव्हा माझ्यासारखं फेब्रुवारीत जाऊ नका, बंद दारं मोजून याल. जुलैत जा, माणसं घरी असतात. फक्त मुलाखती रेकॉर्ड करायच्या भरवशावर राहू नका, पाऊस लागला की पत्र्याखाली शेजारच्याचंही ऐकू येत नाही. वही न्या.