१९६० च्या दशकातली 'द ॲव्हेंजर्स' ही ब्रिटिश मालिका आज बघण्यासारखी आहे का? कुठून सुरुवात करावी?

बघाच. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की 'पहिल्यापासून बघू' म्हणून सगळ्यात जुने भाग लावले, चित्र मळकट, आवाज घुमतोय, लोक नुसते खोल्यांमधून बोलतायत, म्हणून पंधरा मिनिटांत बंद केलं. आणि मग लोक हिच्या थाटाचं एवढं कौतुक का करतात, असा प्रश्न पडला. थाट त्या भागांत नाहीच. तो नंतर आला.

ही मार्व्हलवाली नव्हे, एवढं वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. ही मार्व्हलच्या कॉमिकपेक्षाही जुनी. इंग्लंडमध्ये हिचं नाव इतकं रुजलेलं होतं की २०१२ साली मार्व्हलचा सिनेमा आला तेव्हा इथे त्याचं नाव बदलून 'मार्व्हल ॲव्हेंजर्स असेंबल' असं ठेवावं लागलं.

जानेवारी १९६१ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर मालिका सुरू झाली तेव्हा नायक होता इयन हेंड्री. तो डॉक्टर, त्याच्या होणाऱ्या बायकोचा खून होतो आणि तो सूड घ्यायला निघतो. नाव तिथून आलं. पॅट्रिक मॅक्नीने रंगवलेला गुप्तहेर जॉन स्टीड तेव्हा दुय्यम होता. त्या पहिल्या वर्षाचे जेमतेम तीन भाग पूर्ण स्वरूपात उरलेत. हेंड्री गेला आणि त्याच्या जागी ऑनर ब्लॅकमन आली, पण सुरुवातीच्या काही संहिता पुरुषासाठीच लिहिलेल्या होत्या. त्या फारशा न बदलता तिला दिल्या गेल्या आणि अपघाताने एक नवीनच बाई टीव्हीवर उभी राहिली: निर्णय घेणारी, भांडणारी, ज्युदोत माणसं आपटणारी. एका भागात तिने कुस्तीगीर जॅकी पॅलोला चित्रीकरणातच खरोखरचं बेशुद्ध केलं होतं. ते भाग नंतर सावकाश बघा. ती 'गोल्डफिंगर' या बाँडपटासाठी मालिका सोडून गेली आणि १९६५ मध्ये सगळंच पालटलं. व्हिडिओ टेपऐवजी फिल्म आली, एल्स्ट्रीच्या स्टुडिओत चित्रीकरण सुरू झालं, स्टीडची नवी साथीदार एमा पील म्हणून डायना रिग आली. तुम्ही इथून सुरुवात करा. भागाचं नाव 'द टाउन ऑफ नो रिटर्न'.

मी हर्टफर्डशरमध्ये वॉटफर्डला राहते, एल्स्ट्री इथून जवळच. २००४ साली लग्न होऊन आले तो पहिला हिवाळा. चार वाजता अंधार पडायचा, ओळखीचं कुणी नव्हतं आणि गावातल्या लायब्ररीतून मी या मालिकेच्या डीव्हीडी आणायचे. गेल्या हिवाळ्यात सांगलीहून आई आली होती, तिच्यासोबत पुन्हा सगळे भाग बघितले. म्हणून तुमचा प्रश्न दिसल्यावर लिहायला बसले.

त्या भागाची सुरुवातच बघा. ओसाड समुद्रकिनारा. पाण्यातून एक मोठी पिशवी चालत बाहेर येते. आतून चेन उघडते आणि नीटनेटका, कोरड्या ठणठणीत कपड्यांतला माणूस बाहेर पडून किनाऱ्यावरच्या कोळ्याला गावाचा रस्ता विचारतो. कोळीही जणू रोजचंच असल्यासारखा सांगतो. पुढे स्टीड आणि मिसेस पील आगगाडीने त्याच गावाला निघालेत. त्या गावी पाठवलेली आपली माणसं परत आलेली नाहीत, हे तो तिला सांगतोय. आणि सांगता सांगता प्रवासाच्या बॅगेतून वाफाळती किटली काढतो, मग कपबश्या, मग केक. आई म्हणाली, "याला म्हणतात डबा घेऊन प्रवास." मला त्या प्रसंगात अख्खी मालिका दिसते. समोर मरण आहे हे दोघांनाही ठाऊक आहे, आणि म्हणूनच चहा नीट व्हायला हवा. ऐट म्हणजे संकटाकडे दुर्लक्ष नव्हे. संकटापुढे आपली रीत न सोडणं, असं या दोघांचं आहे.

मॅक्नीचं स्वतःचं आयुष्य कळल्यावर ते जास्तच पटतं. तो दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता, टॉर्पेडो बोटींवर. मित्र मरताना पाहिलेले. स्टीड बंदूक बाळगणार नाही, असा आग्रह त्याने धरला तो त्यामुळे. मग हत्यार काय, तर छत्री, पोलाद बसवलेली गोल बाउलर हॅट आणि बोलणं. इतका सभ्य आणि इतका धोकादायक माणूस पडद्यावर मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि दोघांचं नातं. तो तिला 'मिसेस पील' म्हणतो, ती त्याला 'स्टीड'. मराठीत केलं तर दोघं एकमेकांना अहो-जाहोच करतील, आणि तरी त्या अहो-जाहोत केवढी जवळीक आहे! तलवारबाजी करता करता कामाचं बोलतात. मारामारीत कधी तो तिला सोडवतो, कधी ती त्याला, आणि सुटकेनंतर कुणी आभाराचं भाषण करत नाही. यांच्यात 'काही आहे का' हे मालिका कधीच सांगत नाही. पहिल्यांदा बघताना मला ते कळावंसं वाटायचं. आता वाटतं, ते न सांगणं हाच त्यांचा मान राखणं आहे.

'द हाउस दॅट जॅक बिल्ट' हा १९६६ चा भाग यासाठी चुकवू नका. एमाला वारशात एक घर मिळतं, ती एकटी तिथे जाते आणि ते घर म्हणजे यंत्र निघतं. दार उघडावं, बोळातून चालावं आणि फिरून त्याच जागी यावं. कुणीतरी तिला वेड लावण्यासाठीच ते बांधलंय. पाऊण भाग डायना रिग एकटी आहे, बोलायलाही कुणी नाही. घाबरते, स्वतःला सावरते, विचार करते. स्टीड पोहोचेपर्यंत तिने आपली वाट आपणच काढलेली असते. १९६६ साली हे घरोघरी दिसत होतं, हे लक्षात ठेवून बघा. त्याच रिगला कळलं की आपला पगार कॅमेरामनपेक्षाही कमी आहे. ती तसं उघडपणे बोलली, वर्तमानपत्रांनी तिलाच पैशाची लोभी ठरवलं, पण पगार वाढला.

कपड्यांचंही सांगायला हवं, कारण तुम्ही थाटाबद्दल विचारलंत. कृष्णधवल भागांसाठी फॅशन डिझायनर जॉन बेट्सने तिचे कपडे मुद्दाम काळ्या-पांढऱ्या ठसठशीत नक्षीचे केले. रंग नसण्याचाच त्याने फायदा करून घेतला. ते कपडे दुकानांत विकायलाही आले. रंगीत भाग १९६७ पासून, त्यात स्टीडचे सूट फ्रेंच डिझायनर पियेर कार्दांचे. रंगीत भाग देखणे आहेत, पण माझा जीव कृष्णधवलवर जास्त. सावल्या खऱ्या वाटतात.

आता खटकणारी गोष्ट. या मालिकेत रस्ते रिकामे असतात. 'द अवर दॅट नेव्हर वॉज'मध्ये तर हवाई दलाचा अख्खा तळ रिकामा, मेजवानी मांडलेली, माणूस एक नाही; भाग अप्रतिम आहे. हे रिकामेपण ठरवून केलेलं होतं. लेखक-निर्माता ब्रायन क्लेमेन्सने नंतर मोकळेपणी सांगितलं की त्यांच्या या काल्पनिक इंग्लंडात वर्दीतला पोलीस नको, रक्त नको, आणि काळा माणूसही नको, असा नियम होता. २००४ साली मला ते निर्मनुष्य रस्ते शांत वाटले होते. या वेळी, याच परगण्यात वीस वर्षं काढल्यावर, त्या रस्त्यावर मला जागाच नव्हती हे जाणवलं आणि वाईट वाटलं. नियमाला अपवाद आहेत. 'हनी फॉर द प्रिन्स'मध्ये पाकिस्तानी अभिनेता झिया मोहिउद्दीन राजपुत्र झालाय, आणि छान झालाय. 'स्मॉल गेम फॉर बिग हंटर्स'मध्ये एक निवृत्त कर्नल हर्टफर्डशरमध्येच आफ्रिकेचं जंगल उभं करून साम्राज्य अजून चालू असल्यासारखा राहतो. तिथे मालिका त्या जुन्या साहेबीकडे बरोबर बोट ठेवते. पण म्हणून नियम पुसला जात नाही. बघताना तो डोळ्यांआड करू नका, एवढंच म्हणेन.

आणि गंमत बघा, पडद्यावर नसलेला हिंदुस्थान या लोकांच्या घरात होता. डायना रिगचे वडील बिकानेर संस्थानच्या रेल्वेत इंजिनिअर, ती आठ वर्षांची होईपर्यंत तिथेच वाढली आणि हिंदी बोलायची. मॅक्नीचे वडील घोड्यांचे प्रशिक्षक, ते इंग्लंड सोडून हिंदुस्थानात गेले. १९७६ च्या 'द न्यू ॲव्हेंजर्स'मधली जोॲना लमली तर श्रीनगरला जन्मलेली. बिकानेरचं कळल्यापासून आई तिला 'आपली डायना' म्हणायला लागली.

रंगीत भागांतला 'मर्डर्सव्हिल' बघितल्यावर आईला ते गाव दाखवायला घेऊन गेले. ट्रिंगजवळचं ऑल्डबरी. मधोमध तळं, बदकं, आणि काठावर गुन्हेगारांना अडकवायचा जुना लाकडी खोडा अजून आहे. त्या भागात हे सालस दिसणारं गाव खून करू इच्छिणाऱ्यांना भाड्याने मिळतं आणि गावकरी पैसे घेऊन गप्प बसतात. एमाला त्याच तळ्यात बुचकळ्या मारतात. ती त्यांच्यासमोर फोनवर स्टीडला नवरा असल्याचं भासवून मुलांची चौकशी करते, आणि मुलांची नावं म्हणजे मालिकेच्या निर्मात्यांचीच नावं. आई तळ्याकाठच्या बाकावर बसून आजूबाजूच्या घरांच्या खिडक्या बराच वेळ न्याहाळत होती.

रोज एकच भाग बघा. साचा तोच असतो, सलग चार बघितले की कंटाळा येईल. एमानंतर स्टीडची साथीदार झालेल्या टारा किंगचे शेवटचे भाग मला तेवढे भावले नाहीत. या मालिकेवरच्या १९९८ च्या सिनेमाच्या वाटेला जाऊ नका.

'द फरगेट-मी-नॉट' मात्र अगदी शेवटी ठेवा. एमाचा हरवलेला नवरा सापडतो आणि ती निघते. जिन्यात तिला नवी टारा किंग भेटते. एमा तिला स्टीडच्या कामाबद्दल, धोक्याबद्दल काही सांगत नाही. बोट गोल फिरवून एवढंच सांगते, की त्याला चहा उलट्या दिशेने ढवळलेला आवडतो. त्याआधी, दारातून बाहेर पडताना, स्टीड तिला एकदाच नावाने हाक मारतो. "एमा." ती थांबते. तो म्हणतो, "थँक्स." आईने तेवढा तुकडा पुन्हा लावायला सांगितला. आधीच्या पन्नास भागांतलं 'मिसेस पील' कानात बसलेलं असेल, तर तुम्हीही लावाल.